थीम पार्कात डुलकीलाही जागा हवी

फ्लोरिडात ऑरलँडोजवळ, डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडममध्ये ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ नावाचं एक गोल नाट्यगृह आहे. तिथे रंगमंच जागचा हलत नाही, प्रेक्षकच खुर्च्यांसकट त्याच्याभोवती फिरतात. वीज आल्यापासून एका अमेरिकन कुटुंबाचं घर कसकसं बदलत गेलं, ते हलते-बोलते पुतळे वीसेक मिनिटांत सांगतात. १९६४ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी वॉल्ट डिस्ने यांनी हा खेळ बनवून घेतला. पुढे तो कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये गेला आणि १९७५ साली फ्लोरिडात आला.

उन्हाळ्यातल्या दुपारी दीड-दोनच्या सुमाराला तिथे शिरलं, की दर रांगेत एक-दोन माना कलंडलेल्या दिसतात. कुणी तान्ह्याला छातीशी धरून झोपलेली, कुणी टोपी डोळ्यांवर ओढून. हा खेळ, त्याच पार्कातला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या बोलक्या पुतळ्यांचा ‘हॉल ऑफ प्रेसिडेंट्स’ आणि शेजारच्या एपकॉट पार्कातला अमेरिकेच्या इतिहासावरचा ‘अमेरिकन अ‍ॅडव्हेंचर’ ही नेहमी जाणाऱ्यांची झोपेची ठरलेली ठिकाणं आहेत. यावर हसणारे पुष्कळ, आणि चिडणारेही. चिडणारे म्हणतात, एवढे डॉलर मोजून आत आलात ते काय झोपायला? झोपायचंच होतं तर हॉटेलात पडून राहायचं. शिवाय ज्यांनी मेहनतीने खेळ उभा केला त्यांचा हा अपमान.

मला हे साफ अमान्य आहे. थीम पार्कात संथ राइडवर किंवा गार अंधाऱ्या शोमध्ये काढलेली झोप हा तिकिटाचा रास्त उपयोग आहे. अशा जागा टिकवणं हे पार्क चालवणाऱ्यांचं कामच आहे, जसं पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहं पुरवणं त्यांचं काम आहे. आणि गेल्या काही वर्षांत नेमक्या याच जागा एकेक करून कमी होत चालल्या आहेत, म्हणून हा विषय चेष्टेवारी नेण्यासारखा राहिलेला नाही.

आधी तिथला दिवस कसा असतो ते पाहू. पार्क उघडण्याआधी दारात उभं राहायचं, कारण पहिल्या तासात रांगा लहान असतात. रात्रीची आतषबाजी बघितल्याशिवाय मुलं हलत नाहीत. म्हणजे सकाळी सात-आठपासून रात्री दहापर्यंत पायांवर. जुलै-ऑगस्टमध्ये ऑरलँडोचं तापमान ३३ अंशांच्या आसपास जातं आणि हवेत दमटपणा मुंबईच्या मे महिन्यासारखा. दुपारी बहुतेक रोज ढग भरून येतात, विजा कडाडतात, उघड्यावरच्या राइड बंद होतात आणि सगळी गर्दी छपराखाली धावते. दिवसभराची चालही थोडीथोडकी होत नाही. धडधाकट माणसाचेही पाय तीन वाजेपर्यंत भरून येतात, मग कडेवर पोर घेतलेल्या आईचं किंवा सत्तरी ओलांडलेल्या आजोबांचं काय होत असेल?

आपल्याकडच्या आजी-आजोबांची तर वेगळीच गोष्ट. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये स्थायिक झालेली मराठी मुलं आई-वडिलांना बोलावून घेतात आणि उन्हाळ्यात नातवंडांच्या सुट्टीत ऑरलँडोची सहल ठरलेली असते. तेव्हा फ्लोरिडाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे दुपारचा एक वाजतो तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. महिनाभर राहून शरीर रुळलेलं असेल तर ठीक, पण नुकतेच विमानातून उतरलेले असतील तर अशा वेळी त्यांना पेंग येणं हा त्यांचा दोष कसा?

कॅरोसेलमध्येच माझ्या पुढच्या रांगेत असं एक कुटुंब बसलं होतं. पंजाबी ड्रेस आणि पांढरे स्पोर्ट्‌स शूज घातलेल्या आजी, त्यांच्या शेजारी आजोबा, मग मुलगा, सून, दोन नातवंडं. नाट्यगृह पहिल्यांदा फिरलं तेव्हा आजोबांनी कौतुकाने मागे वळून पाहिलं. दुसऱ्यांदा फिरलं तेव्हा त्यांची हनुवटी छातीवर टेकली होती. मुलाने खांद्याला हात लावून हळूच म्हटलं, “बाबा, झोपताय काय? बघा ना.” आजोबा दचकून सावरून बसले, “नाही रे, ऐकतोय.” आजींनी मात्र मुलाचा हात बाजूला केला. “राहू दे त्यांना. सकाळपासून एका जागी बसले नाहीत.” मुलाने पुन्हा हात लावला नाही. शेवटी दिवे लागले तेव्हा आजोबांचा चेहरा खरोखर ताजातवाना दिसत होता. धाकट्या नातीचा हात धरून बाहेर पडताना “आता कुठे जायचं?” हे त्यांनी विचारलं, मुलाने नाही.

मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पार्काचा महागडा दिवस विकत घेतलेल्या माणसाच्या डोक्यात सतत हिशेब चालू असतो. मॅजिक किंगडमचं एका दिवसाचं तिकीट २०१५ साली शंभर डॉलरच्या वर गेलं आणि तेव्हापासून चढतच आहे. सहा माणसांचं कुटुंब म्हटलं की आकडा कुठल्या कुठे जातो. मग प्रत्येक मिनिट वसूल व्हायला हवं असं वाटणं स्वाभाविक आहे. पण थकलेल्या माणसाला चालवत ठेवून मिनिटं वसूल होत नाहीत. चार वाजता रस्त्याच्या मधोमध फतकल मारून रडणारी मुलं आणि एकमेकांवर खेकसणारे आई-बाप हे दृश्य ज्याने पाहिलं आहे, त्याला वीस मिनिटांच्या झोपेची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

वीस ते तीस मिनिटं हा अवधी झोपेच्या दृष्टीने सोयीचाही आहे. गाढ झोपेत शिरण्याआधी जाग आली तर माणूस टवटवीत उठतो. तासभर झोपून मधेच उठवला तर डोकं जड होतं, चिडचिड होते. नासाने एकदा प्रशांत महासागरावरून लांब पल्ल्याची उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांवर प्रयोग केला होता. त्यांना विमानातच आळीपाळीने चाळीस मिनिटं विश्रांतीची मुभा दिली, त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि नंतर त्यांची सतर्कता स्पष्टपणे सुधारलेली आढळली. कॅरोसेल वीसेक मिनिटांचा, हॉल ऑफ प्रेसिडेंट्स त्याहून थोडा मोठा, अमेरिकन अ‍ॅडव्हेंचर अर्ध्या तासाच्या आसपास. हे सगळे शो योगायोगाने का होईना, दुपारच्या झोपेच्या मापाचेच आहेत.

मग उरतो हॉटेलात जाऊन झोपण्याचा सल्ला. तो देणारे बहुधा पार्काला खेटून असलेल्या हॉटेलात उतरलेले असतात, आणि मला या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथेच दिसतं. मॅजिक किंगडमपासून चालत जाता येईल अशा हॉटेलात राहणाऱ्याला दुपारी खोलीवर जाऊन, पोहून, झोपून संध्याकाळी परत येता येतं. पण स्वस्त पडतं म्हणून जवळच्या किसिमी गावात हमरस्त्यावरच्या मोटेलात उतरलेल्यांचं काय? मॅजिक किंगडमचा वाहनतळ पार्काच्या दाराशी नाही. आधी मोनोरेलने किंवा बोटीने तळं ओलांडायचं, मग वाहनतळावर गाडी शोधायची, मग रस्त्यावरची वाहतूक. जाता-येता मिळून दुपारच संपते. म्हणजे पलंगावरची दुपारची झोप ही पैशाने विकत मिळणारी गोष्ट झाली.

रांगेचंही तेच झालं आहे. १९९९ साली डिस्नेने फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. कागदाची चिठ्ठी घ्यायची, त्यावर लिहिलेल्या वेळेला यायचं आणि लांब रांग चुकवायची. करोनाच्या काळात ती सोय बंद झाली आणि २०२१ मध्ये परतली ती पैसे घेऊनच. आता जास्त पैसे मोजणारा कमी उभा राहतो, न मोजणारा जास्त. उभं राहण्याचा त्रास कमी करायला पैसे, झोपायला जवळ खोली हवी असेल तर आणखी पैसे. अशा ठिकाणी जादा पैसे न मोजता मिळणारी, थंड, काळोखी आणि टेकायला पाठ असलेली खुर्ची ही अगदी थोड्या समान वाटल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. पाणपोईवर कुणी तहान लागल्याचा पुरावा मागत नाही. इथेही वय, आजार, तिकिटाचा प्रकार कुणी विचारत नाही. आत या, बसा.

आणि या खुर्च्या कमी होत आहेत. १३ ऑगस्ट २०१७ हा दिवस त्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या एकाच दिवशी डिस्ने वर्ल्डमधली दोन लांबलचक, बसून पाहायची आकर्षणं कायमची बंद झाली. हॉलिवूड स्टुडिओजमधली ‘ग्रेट मूव्ही राइड’ हे एक. दुसरं एपकॉटमधलं ‘एलेन्स एनर्जी अ‍ॅडव्हेंचर’. हे दुसरं तब्बल ४५ मिनिटांचं होतं. आख्खं प्रेक्षागृहच तुकड्यातुकड्यांनी सुटून डायनासोरांच्या जंगलातून हळूहळू सरकत जायचं. त्याची कथा अशी होती की विनोदी अभिनेत्री एलेन डीजेनरेस टीव्हीसमोर झोपी जाते आणि पुढचं सगळं तिच्या स्वप्नात घडतं. तिच्याबरोबर झोपी जाणाऱ्या प्रेक्षकांना कथेतच परवानगी मिळाल्यासारखी होती! त्या जागी २०२२ साली ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ची वेगवान रोलर कोस्टर सुरू झाली. ती सुंदर असेल, लोकांना आवडतेही आहे. पण पाठीचं दुखणं असलेल्या माणसाने आणि गरोदर बाईने तिच्यात बसू नये अशी सूचना असते, आणि उंचीच्या पट्टीपेक्षा लहान मुलाला ती बंदच आहे. जुन्या जागेत हे तिघेही पाऊण तास गारव्यात बसू शकत होते.

मॅजिक किंगडममध्येही तेच. जुलै २०२५ मध्ये तिथली ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ ही कृत्रिम नदी बंद झाली आणि तिच्याबरोबर ‘लिबर्टी बेल’ ही चाकाची बोट गेली, टॉम सॉयरचं बेटही गेलं. तिथे मोटारींच्या चित्रपटावर आधारित नवा भाग व्हायचा आहे. बोटीवर काही घडत नसे, असं बरेच जण म्हणतात. झाडी, पाणी, वाऱ्याची झुळूक आणि भोंगा. तेच तर हवं असतं त्या वेळी. रांग दिसत नाही म्हणजे मागणी नाही, हा हिशेब मला फार उथळ वाटतो. मोठ्या प्रेक्षागृहापुढे रांग दिसत नाही कारण ते एका दमात शेकडो माणसं पोटात घेतं. अमेरिकन अ‍ॅडव्हेंचरमध्ये हजाराच्या आसपास खुर्च्या आहेत. तेवढी माणसं अर्धा तास रस्त्यावरून, दुकानांतून आणि बाकीच्या रांगांतून कमी होतात, त्याचा फायदा आत न गेलेल्यालाही मिळतो. आणि ताजी होऊन बाहेर पडलेली कुटुंबं रात्रीच्या जेवणापर्यंत थांबतात, दमलेली चार वाजता घरी जातात. धंद्याच्या दृष्टीनेही या खुर्च्या तोट्याच्या नाहीत.

झोपणारा दुसऱ्याची जागा अडवतो, हा आक्षेपही याच आकड्यांपुढे टिकत नाही. हॉल ऑफ प्रेसिडेंट्समध्ये सातशेच्या आसपास खुर्च्या आहेत आणि एरवीच्या दुपारी त्यातल्या कितीतरी रिकाम्या असतात. तिथे एखाद्याचा डोळा लागला म्हणून दुसरा कुणी बाहेर ताटकळत राहत नाही.

अपमानाच्या मुद्द्याचा विचार मी जास्त केला, कारण कलाकाराच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण आपण कुठल्या परंपरेतून आलो तेही आठवावं. सिंधुदुर्गात आणि गोव्यात पेडण्याच्या बाजूला जत्रेतला दशावतार रात्रभर चालतो. पुढे चटया अंथरलेल्या असतात, मुलं आईच्या मांडीवर झोपतात, म्हातारी माणसं खांबाला टेकून डुलक्या काढतात. युद्धाचा प्रवेश आला, की कुणीतरी कोपर मारून उठवतं. पहाटेपर्यंत नाचणारा नट मांडवात कुणी झोपलं म्हणून रुसून निघून जात नाही. माणसं घरी न जाता तिथेच झोपली, यात जवळीक आहे. हे जर जिवंत नटांसमोर चालतं, तर हॉल ऑफ प्रेसिडेंट्समध्ये वर्षानुवर्षं ठरलेली वाक्यं बोलत आलेल्या लिंकनच्या पुतळ्यासमोर का चालू नये?

स्वतः वॉल्ट डिस्ने यांची एक गोष्ट पार्काचे चाहते नेहमी सांगतात. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या मुली मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि ते बाकावर बसून बघत राहायचे. आई-बाप आणि मुलं एकत्र मजा करू शकतील अशी जागा हवी, हा विचार त्यांना तिथे सुचला. म्हणजे नुसतं बसून राहणं त्यांना पुरेसं वाटलं नव्हतं, हे खरं. पण १९५५ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा त्यांनी त्यात काय काय ठेवलं तेही पाहायला हवं. पहिल्या दिवसापासून पार्काला प्रदक्षिणा घालणारी आगगाडी होती, नदीत ‘मार्क ट्वेन’ नावाची चाकाची बोट होती. एकत्र मजा करण्याच्या त्यांच्या कल्पनेत संथपणाला पहिल्यापासून जागा होती. ग्रिफिथ पार्कचा एक बाक आजही डिस्नेलँडच्या ऑपेरा हाउसमध्ये ठेवलेला आहे, आणि त्याच इमारतीत लिंकनच्या पुतळ्याचा एक शांत, बसून पाहायचा खेळ १९६५ साली सुरू झाला आणि पुढे अनेक दशकं अधूनमधून खंड पडत चालला.

झोपणाऱ्यालाही काही पथ्यं पाळावी लागतात, हे मला पूर्ण मान्य आहे. आडवं पसरून तीन खुर्च्या अडवायच्या नाहीत. घोरण्याची सवय असेल तर कडेला बसावं आणि बरोबरच्याला सांगून ठेवावं. लहान मुलं बरोबर असतील तर दोघांपैकी एकाने जागं राहायलाच हवं. यात तडजोड नाही. बोटीच्या राइडवर काठाला बसून झोपू नये, कारण झोपेत हात बाहेर जातो. शो संपला की उठून बाहेर पडावं. आणि ज्या राइडसाठी लोक तास-दीड तास उन्हात उभे आहेत, तिथे जागा घेऊन झोपणं मात्र माझ्याही मनाला पटत नाही.

पार्कांकडून माझी अपेक्षा नेमकी आहे. एखादं संथ आकर्षण काढायचं असेल तर त्या जागी येणाऱ्या नव्या भागात तितक्याच लोकांना छपराखाली, गारव्यात, विनाउंचीपट्टी बसता येईल अशी सोय आराखड्यातच असली पाहिजे. मुलांना दूध पाजायला, कपडे बदलायला डिस्नेच्या पार्कांत वेगळ्या खोल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. मोठ्या माणसांच्या थकव्यासाठी तसं काही नाही. वेगळी विश्रांतीची खोली काढली तरी मला वाटतं सगळे तिथे जाणार नाहीत. आपण थकलो हे कबूल करून, कुटुंबाला सोडून, त्या दारातून आत जाणं वडीलधाऱ्यांना नको वाटतं. शोमध्ये ते सगळ्यांबरोबर बसलेले असतात. नात शेजारी असते, तिला पुतळ्यांचा कुत्रा बघायचा असतो, यांना डोळे मिटायचे असतात आणि दोघांचं एकाच वेळी साधतं.

‘पीपलमूव्हर’सारख्या राइड तर जपायलाच हव्यात. मॅजिक किंगडमच्या टुमॉरोलँड या भागाच्या डोक्यावरून जाणारी ही गाडी १९७५ पासून धावते आहे. मोटरी मार्गात बसवलेल्या असल्यामुळे डबे जवळजवळ आवाज न करता सरकतात. वर छप्पर आहे, दोन्ही बाजूंनी वारा लागतो, मधेच ‘स्पेस माउंटन’ या बंदिस्त रोलर कोस्टरच्या अंधारातून गाडी जाते. एक फेरी दहाएक मिनिटांची. मागे कुणी थांबलेलं नसेल तर झोपलेल्या माणसाला दुसरी फेरी बसू द्यावी, एवढा अधिकार तिथल्या कर्मचाऱ्याला स्पष्टपणे द्यायला काय हरकत आहे?

आणि आई-वडिलांना ऑरलँडोला नेणाऱ्या मुला-मुलींना एक विनंती. फोनवर दिवसाचं वेळापत्रक बनवताना दुपारी एक ते तीनमध्ये यातले एक-दोन शो आवर्जून घाला आणि ते ‘वेळ उरला तर’च्या यादीत टाकू नका. एसी फार गार असतो, एक शाल पिशवीत ठेवा. आत गेल्यावर आईला कडेची खुर्ची द्या, पाण्याची बाटली हाताशी ठेवा आणि मधे उठवू नका.